अकरा नंबर आणि शिट्टी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या शिबिराचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी "ते बारा शिष्य" म्हणतं. ते चूक आहे. आम्ही अकरा होतो. बारावा आला होता, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीचं गार पाणी अंगावर घेतलं आणि त्याने ट्रंक उचलली. "माझा देव ऊन पाण्यातबी भेटतोय," असं म्हणाला आणि मिरजेच्या गाडीला लागला. त्यावर आमच्यातला एक जण म्हणाला, "बरं झालं. आपला दगा देनारा यहूदा पयल्याच आठवड्यात गेला. आता पुढची काळजी न्हाय." त्या दिवसापासून आम्ही अकरा.

ही सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्याची गोष्ट. त्या वेळी मंडळीकडे गावं फार होती आणि पाळक, म्हणजे पाद्री, थोडे. एका पाळकाने सायकलवर किती गावं करायची, यालाही हद्द असते. म्हणून जाणत्या मंडळींनी ठरवलं की विशी-बाविशीतले काही तरुण निवडावेत, सहा आठवडे त्यांना तयार करावं आणि सुवार्तिक म्हणून, म्हणजे येशूचं वचन सांगायला, एकेका वस्तीवर पाठवावं. पाळक व्हायला तीन वर्षं लागतात, ते काम सहा आठवड्यांत कसं होणार, असं मी तेव्हाच विचारलं होतं. "तू आदी जाऊन तर बघ," असं मला सांगण्यात आलं.

शिबिराची जागा कोल्हापूरच्या बाहेर, पन्हाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला होती. मिशनची जुनी शाळा, बरीच वर्षं बंद. दोन खोल्या, एक पडवी, अंगणात चिंच आणि मागे विहीर. आम्हाला शास्त्र शिकवायला एक पाळकसाहेब आठवड्यातून तीनदा यायचे. स्वयंपाकाचं सगळं त्यांच्या पत्नीकडे, म्हणजे पाळकीणबाईंकडे होतं, आणि त्या तिथेच राहायच्या. बाकी आमचा जीव सुभेदारांच्या ताब्यात.

सुभेदार पलटणीतून निवृत्त झालेले आमच्याच मंडळीतले गृहस्थ. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा, सदऱ्याच्या खिशात बायबलचा छोटा नवा करार आणि गळ्यात पितळी शिट्टी. बारावा गेला त्याच दिवशी त्यांनी आम्हाला उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं आणि नंबर दिले. बुटका तो एक, सगळ्यांत उंच तो शेवटचा. माझा नंबर दहा.

"आता नावं इसरा," सुभेदार म्हणाले. "पाळकसाहेब तुमाला शास्त्र शिकवतील. मी तुमाला टिकायला शिकवनार. गावात गेलं की कुनी हार घालून उभं न्हाय. कुत्रं अंगावर येतंय, पोरं धोंडं मारत्यात, कुनी पानी इचारत न्हाय. तवा जो टिकला, त्याच्या त्वांडून वचन निघनार."

टिकायला शिकवायची त्यांची रीत अशी. पहाटे उठून विहिरीवर अंघोळ, मग प्रार्थना, मग डोंगराच्या पायथ्यापर्यंत पळून परत. त्यानंतर वचनांचं पाठांतर. दुपारी श्रमदान, म्हणजे पडकी भिंत रचणं आणि चर खणणं. संध्याकाळी भजन आणि प्रवचनाचा सराव. प्रवचनाचा सराव साधा नव्हता. एकाने चिंचेखालच्या धोंड्यावर उभं राहून बोलायचं आणि बाकीच्यांनी गावगुंड व्हायचं. ओरडायचं, हसायचं, मध्येच "आवो पावणं, तुमच्या येशूला म्हशीचं दूध काढाय येतंय का?" असं विचारायचं. जो चिडला त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांची भांडी घासायची. मी दोनदा भांडी घासली. मला गुंड व्हायला मात्र चांगलं जमायचं. सुभेदार म्हणाले, "दहा, तुला देवानं चुकीच्या बाजूला टाकलंय वाटतं."

आणि या सगळ्याच्या वर शिट्टी.

शिट्टी वाजली की हातातलं काम तिथेच टाकायचं. घास तोंडाशी असला तरी खाली ठेवायचा. जिथे असाल तिथे सावधान उभं राहायचं, आणि मग एक नंबरपासून गिनती. एक, दोन, तीन, असं प्रत्येकाने आपला आकडा ओरडायचा. अकरा ऐकू आला की सुभेदार "गिनती पुरी" म्हणायचे आणि आम्ही पुन्हा घास उचलायचो. हे दिवसातून कधीही व्हायचं. ते कशासाठी, हे त्यांनी एकदाच सांगितलं. "बाजारात उभं ऱ्हायलाय, दंगा झाला, दगूड आला. एका शिट्टीत माझी सगळी मानसं मला कळाय पायजेत. पलटनीत एकदा मी गिनती पुरी न करता म्होरं गेलतो." कुणी पुढे विचारलं नाही. विचारण्यासारखा त्यांचा चेहरा नव्हता.

गिनतीत खोट एकच होती. ती म्हणजे अकरा नंबर.

अकरा नंबर शाहूवाडीकडच्या डोंगरातला. चांगला सहा फूट, हात नांगराच्या रुमण्यासारखे, आवाज मात्र असा की पाळकीणबाई फोडणी देताना थांबायच्या. तो गायला लागला की डोळे मिटायचा, आणि मग त्याला काहीही ऐकू यायचं नाही. कान चांगले होते. पडवीत झोपला असताना डोंगरावरचं कोल्हं ऐकून तो उठून बसायचा. पण गाणं तोंडात असलं की शिट्टी त्याच्या कानाशी येऊन परत जायची. आणि गाणं त्याच्या तोंडात बहुतेक वेळ असायचंच. पाणी शेंदताना, चर खणताना, भाकरीला हात लावण्याआधीसुद्धा.

त्यामुळे आमची गिनती अशी व्हायची. "आठ!" "नऊ!" मी ओरडायचो, "दहा!" आणि मग काही नाही. त्या काही नाहीच्या पलीकडे कुठूनतरी विहिरीवरून अकरा नंबरचं गाणं यायचं. सुभेदारांच्या मिशा हलायच्या. शिक्षा ठरलेली होती. चिंचेपासून रस्त्यापर्यंत पळत जाऊन परत. तो मुकाट्याने पळायचा, आणि परत येताना गातच यायचा.

"आरं, तुला ऐकू कसं येत न्हाय?" मी एकदा चिडून विचारलं.

"येत न्हाय की," तो म्हणाला. "मी काय मुद्दाम करतोय व्हय? म्हसरांमागं हिंडताना गायची सवय. डोंगरात कोन शिट्टी मारनार?"

"मग गाऊ नकोस."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला श्वास घेऊ नको म्हटलं होतं.

त्याच्या वस्तीची हकीकत मला त्यानेच सांगितली. सात घरं, डोंगराच्या उतारावर, सगळी भात लावणारी. वस्तीवर एक म्हातारा सुवार्तिक होता, तो दोन वर्षांमागे वारला. तेव्हापासून पाळक वर्षातून दोनदा यायचे, तेही पावसाळा सोडून, कारण पावसाळ्यात ओढा पार करता यायचा नाही. मागल्या श्रावणात त्याची चुलती गेली. पुरायला माणसं होती, पण प्रार्थना कुणी करायची, हे कुणालाच ठरवता येईना. शेवटी सगळ्यांनी मिळून एक गीत म्हटलं आणि माती लोटली. मग त्या सात घरांनी याला निवडलं आणि त्याच्याबरोबर तांदळाचं पोतं दिलं. शिबिरातला भात आम्ही त्याच पोत्यातला खात होतो.

"परत गेलो तर काय सांगू?" तो म्हणाला. "मला शिट्टी ऐकू आली न्हाय म्हनून तुमाला पुराय कुनी न्हाय?"

कारण सुभेदारांनी नियम केला होता. शेवटच्या आठवड्यात ज्याच्यामुळे गिनती तुटेल, त्याला ते शिफारशीची चिठ्ठी देणार नव्हते. आणि चिठ्ठीशिवाय मंडळी कुणालाच वस्तीवर नेमणार नव्हती. "ज्याला माझी शिट्टी ऐकू येत न्हाय," सुभेदार म्हणाले, "त्याला वस्तीवरच्या म्हातारीची हाक काय ऐकू येनार?"

आता माझा स्वभाव सांगतो. मला अपुरी बेरीज सहन होत नाही. पुढे मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर आयुष्य काढलं, तिथेही उसाच्या गाडीचा काटा स्थिर झाल्याशिवाय मी कधी आकडा लिहिला नाही. "दहा" म्हटल्यावर पुढे कुणी बोलत नाही, हे मला त्या दिवसांत दात दुखावा तसं दुखायचं. पोराबद्दल माया होतीच. पण खरं सांगायचं तर उपाय शोधायला मी बसलो तो अर्धा त्या मायेपोटी आणि अर्धा त्या बेरजेपोटी.

उपाय म्हणजे सुतळी. पाळकीणबाईंकडून पोत्याची सुतळी मागून घेतली. एक टोक त्याच्या करगोट्याला, सदऱ्याच्या आतून. दुसरं माझ्या मनगटाला. तो नंबर अकरा, मी दहा, त्यामुळे आम्ही शेजारी शेजारीच असायचो. शिट्टी वाजली की मी "दहा" म्हणतानाच सुतळी ओढायची. ओढ बसली की तो डोळे न उघडता "अकरा!" ओरडायचा. पहिल्या दिवशी त्याने गाण्याच्या सुरातच अकरा म्हटलं, तेव्हा सगळे हसले. पण गिनती पुरी झाली.

"तुमी दोघं एका दाव्याला का बांधल्यासारखं फिरताय?" पाळकीणबाईंनी विचारलं.

"जोडीनं प्रार्थना करतोय, बाई."

"व्हय? मग त्या प्रार्थनेला माझी सुतळी कशाला लागली?" त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या. पुढे त्यांनी कधी विचारलं नाही. उलट सुतळी झिजल्यावर न मागता दुसरी दिली.

शेवटचा आठवडा असा निघाला. सुभेदार गिनती घेत होते, अकरा ऐकत होते, मान हलवत होते. माझा जीव भांड्यात पडत होता. उरली होती ती शेवटची परीक्षा, जयसिंगपूरचा बाजार. भर बाजारात उभं राहून भजन आणि प्रवचन करायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची गिनती होऊन चिठ्ठ्या.

आम्ही एसटीने जयसिंगपूरला उतरलो. बाजार स्टँडला अगदी लागून भरला होता. स्टँडच्या भिंतीशी बांगड्या विकणारा एक म्हातारा चाचा बसला होता. त्याच्या बाजूला थोडी मोकळी जागा होती. सुभेदारांनी त्यालाच विचारलं, "चाचा, हितं पोरं उभी केली तर चालंल का?"

"उभी करा की. फकस्त माझं गिऱ्हाईक घाबरवू नका." आमच्या रांगेकडे पाहून त्याने विचारलं, "ही पोरं पोलिसातली का सर्कशीतली?"

"देवाची हाईत," सुभेदार म्हणाले.

"मग घाबरायचं कारन न्हाय," चाचा म्हणाला आणि एका बाईच्या हातात बांगडी चढवायला लागला.

तीन नंबरने प्रवचन सुरू केलं. त्याची तयारी उत्तम होती. पण बाजारातलं माणूस भाव ऐकायला आलेलं असतं. एक जण थांबला, खांद्यावर मिरच्यांचं गाठोडं. "पावणं, काय इकताय?" त्याने विचारलं.

"काय न्हाय. हे फुकाट हाय," तीन नंबर म्हणाला.

"फुकाट?" त्याने तीन नंबरला वरून खाली पाहिलं. "मग बिघाडल्यालं आसंल." आणि तो गेला.

आम्ही कुणी चिडलो नाही. तेवढं शिक्षण पक्कं झालं होतं. पण समोर उभं राहिलं ते एक शेरडू आणि त्याला न्यायला आलेली म्हातारी, वांग्याची पाटी डोक्यावर घेतलेली. सुभेदार थोडे बाजूला, हात मागे बांधून उभे. त्यांनी अकरा नंबरकडे पाहून मान हलवली. म्हणजे गाणं.

त्याचं गाणं पुस्तकातलं नव्हतं. हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत त्याने आपल्या डोंगरातल्या चालीवर स्वतःच बांधला होता. शंभर मेंढरं, संध्याकाळी धनगर मोजायला बसतो आणि एक कमी भरतं. धृपद असं होतं:

सांज झाली, मेंढरं आली, धनगर मोजी दारात,
एक कुठं ऱ्हायलं बाई, एक कुठं ऱ्हायलं रानात.

माझ्याकडे खंजिरी. आमच्या दोघांमध्ये सदऱ्याखालून सुतळी. त्याने डोळे मिटले आणि तो गायला लागला. आवाज बाजारावर गेला. पहिल्यांदा ती वांगेवाली थांबली. मग मागच्या दोघी. मग चाचाकडची बाई, एक हात बांगड्यांचा आणि एक मोकळा, तशीच वळून बघायला लागली. दुसऱ्या कडव्याला बायका धृपद घ्यायला लागल्या. मी खंजिरीवर हात ठेवून लोक मोजायला लागलो आणि मोजता मोजता सोडून दिलं. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं.

तिसऱ्यांदा धृपद आलं. "धनगर मोजी" इथे त्याने आवाज उचलला आणि लांबवला. तो नेहमी तिथे लांबवायचा. आणि नेमकं तेव्हाच आमच्या पाठीमागे, भिंतीपलीकडे, एसटी मागे घेताना कंडक्टरने शिट्टी फुंकली.

पुढचं मी जसं झालं तसंच सांगतो, वाढवून नाही.

दहाच्या दहा जण सावधान. टाळ थांबले, खंजिरी थांबली. हात मांडीला, नजर समोर. आणि एक नंबर, भर बाजारात, सगळी ताकद लावून ओरडला, "एक!"

"दोन!" "तीन!" "चार!"

कुणालाच थांबता येईना. सहा आठवड्यांत ते हाडात गेलं होतं. सुभेदारांकडे माझी नजर गेली. तेही सावधान उभे होते. टाचा जुळलेल्या, छाती पुढे. एसटीच्या कंडक्टरची शिट्टी आणि आमचे सुभेदार सावधान.

"आठ!" "नऊ!"

"दहा!" मी ओरडलो. सुतळी माझ्या हातात होती.

ओढायला क्षणही लागला नसता. ओढली असती तर तो अकरा म्हणाला असता, गिनती पुरी झाली असती, सात घरांना सुवार्तिक मिळाला असता. हे सगळं मला त्या वेळी स्पष्ट कळत होतं. समोर ती वांगेवाली पाटी खाली ठेवून टेकली होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. मेंढराचं काय झालं, हे तिला हवं होतं. मी सुतळी सैल सोडली.

त्याचा लांबवलेला सूर तेव्हा कुठे खाली उतरला. सगळीकडे शांत. आणि त्या शांततेत, डोळे मिटून, एकटा, "एक कुठं ऱ्हायलं बाई..."

बाजारातून "आऽऽहा!" असा आवाज उठला. "मोजली की वो खरंच!" कुणीतरी मागून ओरडलं. "धा मोजली! एक ऱ्हायलं!" लोकांना वाटलं आमची गिनती गाण्यातलीच. आधी बसवलेली. माणसं मागून ढकलून पुढे यायला लागली. मिरच्यांचं गाठोडं घेतलेला तो गृहस्थही परत आला.

कंडक्टर मात्र भिंतीवरून डोकावून हसत होता. "आवो पावणं, शिट्टी गाडीला हाय! तुमी कशाला थांबलाय?"

"तू थांब की रं जरा," चाचा त्याच्यावर खेकसला. "एवढं मेंढरू गावू दे, मग काढ गाडी."

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खिडकीतून बाहेर वाकला. मेंढरू सापडलं, खांद्यावर आलं, घरी शेजाऱ्यांना बोलावणं झालं, सगळं रीतसर झालं. गाडी किती उशिरा सुटली, हे मी सांगू शकत नाही. मी घड्याळ पाहिलं नव्हतं.

परतीच्या एसटीत सगळे जण एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. अकरा नंबरला काय झालं होतं तेच माहीत नव्हतं. "तुमी का थांबलासा मधीच?" तो सारखा विचारत होता. "मी एकटाच गातोय असं वाटलं."

सुभेदार माझ्या शेजारी येऊन बसले. हातकणंगले मागे पडल्यावर हात पुढे केला. "सुतळी दे."

मी मनगटावरची सोडून दिली.

"मला काय आंधळा समजलास? आठवडाभर बघतोय. अकरा नंबर त्यो म्हनत नव्हता. तू म्हनत होतास, त्याच्या त्वांडानं."

मी मनगट चोळत राहिलो.

"मग आज का वढली न्हाईस?"

"गाणं चाललं होतं, साहेब."

"हं," ते म्हणाले. सुतळी बोटाभोवती गुंडाळली आणि खिशात, नव्या करारामागे ठेवली. मला तेव्हा वाटलं, आता आठवडाभराच्या सगळ्या गिनत्या खोट्या धरल्या जाणार, आणि ते मीच घडवून आणलं. अकरा नंबरला मी काही सांगितलं नाही. शाळेत परतल्यावर तो पाळकीणबाईंना बाजारातली म्हातारी कशी टेकून बसली ते करून दाखवत होता. तेवढं त्याने शेवटी डोळे उघडल्यावर पाहिलं होतं.

सकाळी ट्रंका अंगणात लागल्या. पाळकसाहेब आले होते, चिठ्ठ्या त्यांच्या पिशवीत. पाळकीणबाईंनी शेवटचा चहा टाकला होता आणि पाणी कमी पडलं म्हणून अकरा नंबर कळशी घेऊन विहिरीवर गेला होता. मी त्याच्यामागे निघालोच होतो, तर सुभेदार म्हणाले, "दहा, तू हितंच उभा ऱ्हा."

आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

"एक!" "दोन!" आवाज अंगणातून, पडवीतून, ट्रंकांजवळून आले. "आठ!" "नऊ!"

"दहा," मी म्हटलं. इतक्या हळू की मलाच ऐकू आलं नाही. "मोट्यानं!" सुभेदार ओरडले.

"दहा!"

आणि मग नेहमीचं. रहाटाची करकर आणि विहिरीवरून गाणं. मोकळं, भरपूर, कुणाची वाट न बघणारं. आम्ही सगळे सुभेदारांकडे पाहत होतो. पाळकीणबाई गाळणं हातात घेऊन दारात आल्या होत्या. सुभेदार विहिरीच्या दिशेला तोंड करून उभे होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. पाठ दिसत होती, ताठ. एक कडवं संपेपर्यंत ते तसेच ऐकत राहिले.

मग त्यांनी टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली आणि पलटणीतल्या आवाजात ओरडले, "अकरा!"

चिंचेवरचे कावळे उडाले. सुभेदार वळले. "गिनती पुरी," ते म्हणाले. "चिठ्ठ्या वाटा, पाळकसाहेब. चहा निवतोय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सावधानमध्ये हात हलवायचा नसतो. पण पाळकीणबाईंनी त्या दिवशी सुभेदारांना चहात दुप्पट साखर घातली. मी पाहिलं. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि पिऊन टाकला.

अकरा नंबर कळशी भरून आला. हातात चिठ्ठी ठेवल्यावर त्याने ती आधी उलटी धरली, मग सुलटी, आणि मला विचारलं, "गिनती झाली? माझा नंबर कुनी म्हनला?"

"म्हणला एक जण," मी म्हटलं.

चिठ्ठी मलाही मिळाली. मी वर्षभर काम केलं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या तोंडून वचन बरोबर येतं पण लोक जांभई देतात. मी तसं प्रामाणिकपणे कळवलं आणि नोकरी धरली. मंडळीचा हिशेब मात्र अजून माझ्याकडेच आहे.

त्याच्या वस्तीवर मी बऱ्याच वर्षांनी गेलो, बायको आणि दोन मुली घेऊन. मलकापूरपर्यंत एसटी, पुढे चालत, ओढा ओलांडून. सात घरांची नऊ झाली होती. त्याच्या बायकोने दारातच मंडळीच्या रीतीप्रमाणे "सलाम" केला, पाय धुवायला पाणी दिलं आणि मागच्या खोलीत ताटं मांडायला घेतली. तो नऊ घरांच्या माणसांत, पुढच्या खोलीत, उपासना घेत होता. आम्हाला पाहून त्याने दोन्ही हात वर केले, मिठी मारली, सगळ्यांना सांगितलं, "ह्यो माझा धा नंबर." धा नंबर म्हणजे काय ते कुणाला कळलं नाही. मग म्हणाला, "आता एक गीत घेऊ या आन् मग जेवायला बसू," आणि डोळे मिटले.

दोन कडवी झाली. तीन झाली. माझी धाकटी माझा सदरा ओढायला लागली. आतून भाताचा वास येत होता, त्याच तांदळाचा. त्याची बायको दारात आली, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आम्हाला खुणेने आत बोलावलं.

"भावजी, तुमी जेवून घ्या," ती म्हणाली. "त्येंचं आता काय सांगता येत न्हाय."

"हाक मारून बघू का?" माझ्या बायकोने विचारलं.

"बघा की," ती हसली. "सासूबाई होत्या तवर पेल्यानं पानी मारायच्या."

आम्ही जेवलो. मी दोनदा भात घेतला. पुढच्या खोलीत सगळी वस्ती त्याच्याबरोबर म्हणत होती, आणि आमची ताटं धुऊन झाली तरी तो गातच होता.